कॅप्टन थॉर्नबीची नजर

कॅप्टन क्रिस्पिन थॉर्नबी आणि मी, आमच्यात एक कुंपण होतं. वरच्या अंगाला त्याची टेकडी, गाई, बैल आणि खांबांचा ओटा असलेलं घर. खालच्या अंगाला माझा एकरभर तुकडा, दोन खोल्या आणि बटाट्याचे वाफे. त्याच्या घरात काय शिजतं, कोण रागावतं, कुठला पाहुणा किती वेळ टिकतो, हे मला माझ्या चुलीपाशी बसून कळायचं. त्यात आमची ओळख जुनी. तो नवाकोरा लेफ्टनंट होऊन पलटणीत आला तेव्हा मी त्याच पलटणीत ढोल वाजवत होतो. तेव्हा त्याची सगळी कारकीर्द मी मागून पाहिलेली आहे, आणि मागून माणूस जास्त खरा दिसतो. त्याच्याबद्दल गोड बोलणारे ऑकलंडात पुष्कळ आहेत. त्यांच्याकडे जायचं असेल तर खुशाल जा, बोट दुपारी सुटते.

डॉर्सेटमधल्या एका पाद्र्याचा हा धाकटा मुलगा. थोरल्याला जमीन मिळाली, मधल्याला चर्च, आणि ज्याचं काय करावं ते सुचेना त्याला बापानं लष्करात अधिकारपद विकत घेऊन दिलं. तेव्हा तशीच रीत होती. दुकानातून टोपी आणावी तशी लेफ्टनंटकी घरी यायची. माल दिसायला उत्तम होता हं! उंच, ताठ, नाक धारदार, मिशा जणू रोज सकाळी कुणीतरी इस्त्री करतंय. फक्त वीतभर अंतरापलीकडचं जग म्हणजे त्याला नुसतं धुकं. निळा धब्बा म्हणजे शिपाई, तांबडा म्हणजे अधिकारी, पांढरा म्हणजे बाई, आणि हलत नसेल तर झाड.

चष्मा लावला असता तर मिटलं असतं. पण चष्मेवाल्या अधिकाऱ्याला मेसमध्ये हसतात आणि बढतीच्या वेळी विसरतात. थॉर्नबीनं जन्मभर चष्म्याला हात लावला नाही. त्याऐवजी त्यानं मान उंच ठेवली आणि आवाज चढा ठेवला, आणि एवढ्या भांडवलावर तो कॅप्टन झाला.

कसा झाला ते सांगतो. कॅनडात बंड झालं होतं. हिवाळा, गुडघाभर बर्फ. बंडखोर एका दगडी कोठारात शिरून आमच्यावर गोळ्या झाडत होते. आम्ही सगळे बर्फात पालथे. मी तर ढोल पुढे धरून त्याच्यामागे शक्य तेवढा मावलो होतो. तेवढ्यात हा आमचा लेफ्टनंट कोटावरचा बर्फ झटकत उठला आणि हात मागे बांधून सरळ कोठाराकडे चालू लागला. गोळ्या कानावरून जातायत आणि हा फिरायला निघाल्यासारखा! आतली माणसं इतकी हबकली, की याच्यामागे अख्खी फौज असणार असं समजून मागच्या दारानं पसार झाली. मी धावत त्याच्याजवळ पोचलो तेव्हा तो दारात उभं राहून नाक वर करून वास घेत होता.

"काय रे," मला म्हणाला, "हा धूर कसला? खानावळवाल्यानं आपलं डुकराचं मांस जाळलं वाटतं."

कर्नलनं त्या सकाळी कुठल्याशा खानावळीत न्याहारी सांगितली होती. याला ते कोठारच खानावळ वाटलं. लंडनला मात्र अहवाल गेला, की लेफ्टनंट थॉर्नबी मृत्यूच्या डोळ्याला डोळा भिडवून चालत गेले. मी तोंड उघडलं नाही. ढोलवाल्याला कोण विचारतो?

त्यानंतर तो शूर म्हणूनच जगला. कॉर्फू बेटाच्या बंदरात त्यानं मासेमारी करणाऱ्या नावेला तोफांची सलामी दिली. पुण्याच्या छावणीत हौदावरून परतणाऱ्या म्हशींना घोडदळ समजून आम्हाला रस्त्याच्या कडेला उभं केलं आणि स्वतः तलवार उपसून मानवंदना दिली. म्हशी गंभीरपणे गेल्या. पुढे त्यानं टॉबिन नावाचा एक नोकर ठेवला. हा टॉबिन सदा त्याच्या खांद्यामागे उभा राहून कुजबुजायचा: समोर मेजर, डावीकडे त्याची बायको, टोपी काढा, खाली पायरी. लोकांना वाटायचं कॅप्टनचा नोकर किती नम्र! अरे, नोकर कसला, ते त्याचे डोळे होते.

इथवर हसण्यासारखं आहे. पण न्यूझीलंडला आल्यावर त्याच्या हातात आमची घरं आली, आणि मग हसू आवरलं.

किलब्राइड हे आमचं गाव म्हणजे पेन्शनरांची वसाहत. म्हातारे होत आलेले शिपाई, बहुतेक आयरिश, बायकापोरांसकट जहाजात घालून इथे आणले. प्रत्येकाला घर आणि एकरभर जमीन. अट एवढीच, की सात वर्षं दर रविवारी निळा कोट घालून, बंदूक घेऊन चर्चपुढच्या हिरवळीवर परेडला उभं राहायचं. सात वर्षं भरली की घर तुमचं. एखाद्या रविवारी उभे दिसला नाहीत तर नाव कापलं, घर गेलं. आजाऱ्याला सूट होती, पण डॉक्टरनं तपासल्यावर. डॉक्टर ऑकलंडला, आणि त्याला बोलावणार कोण? कॅप्टन थॉर्नबी.

चेहरे दिसत नसल्यानं हा माणूस कानानं राज्य करायचा. रांगेत कुणी खोकला की त्याला उन्हात तासभर उभं. कुणी हसलं की सगळ्या रांगेला दलदलीतून चर काढायला पाठवायचा. म्हातारा डोनेली दम्यानं खोकला तेव्हा त्याला ऐन हिवाळ्यात घराबाहेर काढला. त्याची बायको याच्या ओट्यावर येऊन रडली, तर हा म्हणाला, "बाई, शिस्तीला कान नसतात." तुला तर कानच आहेत मेल्या, दुसरं आहे काय!

पुढे ऑस्ट्रेलियात सोनं सापडलं आणि टॉबिन एका सकाळी कॅप्टनचे बूट घालून पळाला. तेव्हापासून कॅप्टनची पंचाईत झाली. माओरी सरदार पीच घेऊन डोंग्यातून भेटायला आला, तर यानं सरदाराच्या बायकोऐवजी वाळत घातलेल्या अंबाडीच्या पेंढीला वाकून नमस्कार केला. सरदार इतका हसला, की परत जाताना वल्हं हातातून सुटलं. ही गोष्ट ऑकलंडला पोचली. नेमकी त्याच सुमारास तिथल्या मुख्यालयात एक मोठी जागा रिकामी होणार होती आणि थॉर्नबीचा तिच्यावर डोळा होता. माझ्या तोंडातून डोळा शब्द गेला, पण दुसरं काय म्हणू?

आता फेलिम कडमोर. तो माझ्या दुसऱ्या बाजूचा शेजारी. बारकासा, किरकिऱ्या, सकाळी उठल्यापासून कशावर तरी चिडलेला. त्याची बायको सबिना त्याच्याहून हातभर उंच, हाडापेरानं मजबूत, ओठावर बारीक लव, आणि आवाज असा की डुकरं एका हाकेत गोठ्यात. वीस वर्षं ती पलटणीमागून हिंडली होती. तिची तीन मुलं तीन देशांत पुरलेली. आपलं म्हणावं असं छप्पर तिला कुठेच मिळालं नव्हतं. हे घर तेवढं मिळणार होतं. फेलिमची सात वर्षं त्या उन्हाळ्यात भरत होती.

आणि फेलिमच्या एकरात झरा होता. बारमाही, गोड पाण्याचा. कॅप्टनच्या टेकडीवर उन्हाळ्यात गाईंची जीभ बाहेर यायची. त्यानं आधी अदलाबदल करू म्हटलं, मग धमकावलं. फेलिम म्हणाला, "साहेब, माझं घर झालं की या. बादलीभर देईन." कॅप्टनला शिपायाकडून असलं ऐकायची सवय नव्हती. त्यानं ते मनात ठेवलं.

शुक्रवारी फेलिम छपराच्या फळ्या ठोकायला वर चढला आणि खाली आला तो घसरूनच. नडगीचं हाड मोडलं. त्याची किंकाळी टेकडीवर पोचली आणि कॅप्टन ओट्यावर येऊन उभा राहिला. मी कुंपणापाशीच होतो.

"कोण ओरडलं?"

"फेलिम कडमोर, साहेब. पाय मोडला. डॉक्टरला निरोप पाठवायला हवा."

"असं?" तो म्हणाला, आणि शपथेवर सांगतो, त्याच्या मिशा हसल्या. "डॉक्टर सोमवारी येईल. रविवारी ऑकलंडहून कर्नल बॅसेट तपासणीला येतायत. जो रांगेत उभा नसेल त्याचं नाव मी त्यांच्यासमोर कापणार. कडमोरला सांग."

"साहेब, मोडक्या पायानं तो उभा कसा राहील?"

"ते त्यानं छपरावर चढण्याआधी बघायचं होतं."

शनिवारी दुपारी मी कडमोरकडे गेलो. फेलिम बिछान्यावर, पायाला पिंपाच्या फळ्या बांधलेल्या, आणि तोंड चालू. "मला दारावर घालून न्या. खांबाला बांधा. पण न्या!"

"तू गप पड," सबिना म्हणाली. ती त्याचा निळा कोट अंगावर घालून बघत होती. बाह्या कोपरापर्यंतच पोचत होत्या. "भावजी, मागून बघा. कसं दिसतं?"

मी म्हटलं, "वहिनी, मागून फेलिमपेक्षा बरं दिसतं."

"थट्टा नको. रांगेत तुम्ही माझ्या शेजारी असणार. मला नुसतं सांगा, याला दिसेल का?"

"कॅप्टनला? त्याला चर्च दिसलं तरी पुष्कळ झालं. पण कर्नलला दिसेल ना!"

"कर्नल आला तर आला. घराबाहेर निघायचंच असेल तर रांगेत उभी राहून निघेन. वीस वर्षं यांची कवायत बघितली आहे. याच्यापेक्षा चांगली करीन."

"हे मात्र खोटं," बिछान्यावरून फेलिम.

"खोटं? बंदूक खांद्यावर घेताना कोणाच्या टोपीला लागायची रे नेहमी?"

तेवढ्यात दारात सार्जंट मकार्डल उभा. हजेरी घ्यायचं काम त्याचं. तो उत्तरेकडचा प्रॉटेस्टंट, आम्हा सगळ्यांना मनातून कमी लेखणारा, पण कॅप्टनला त्याहून कमी लेखणारा. त्यानं कोटातल्या सबिनाकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. 

"कडमोर," तो तिलाच म्हणाला, "वरचं बटण लावायचं राहिलंय." आणि निघून गेला.

रविवारी ऊन छान पडलं होतं. आम्ही हिरवळीवर रांगेत. सबिनानं वेणी टोपीत कोंबली होती, टोपी भुवयांपर्यंत ओढली होती, आणि माझ्या डाव्या हाताला अशी ताठ उभी होती की मलाच लाज वाटून मी पोट आत घेतलं. बायका चर्चच्या भिंतीपाशी जमल्या होत्या. एरवी त्या गप्पा मारतात. त्या दिवशी सगळ्यांचे डोळे सबिनाच्या टोपीवर.

कर्नल बॅसेट म्हणजे गोल गरगरीत गृहस्थ, चालताना धापा टाकणारा, पण डोळे उंदरासारखे लकाकणारे. थॉर्नबीनं न्याहारीलाच त्याच्या कानावर घातलं असणार, कारण येता येता तो मोठ्यानं विचारत होता, "कुठला तो कामचुकार? कडमोर ना?"

"आपण बघालच, सर," थॉर्नबी म्हणाला. "जागा रिकामी दिसेल."

मकार्डलनं हजेरी सुरू केली. माझं नाव झालं. मग, "कडमोर!"

"हजर!" सबिना गरजली. झाडावरचे पक्षी उडाले.

थॉर्नबी जागच्या जागी थबकला. एकानं दुसऱ्याची हजेरी लावायची शिपायांची युक्ती त्याला माहीत होती. त्याला वाटलं, आवाज कुणाचाही असेल, पण जागा तर रिकामी असणार. तो तरातरा रांगेवरून चालत आला, मला ओलांडलं, आणि रिकामी जागा येईल म्हणून पुढे टाकलेलं पाऊल सबिनाच्या बुटावर पडलं. समोर निळा कोट! बटणं वरपर्यंत लावलेली. त्याचं नाक तिच्या टोपीला लागायचं बाकी राहिलं, पण टोपीखालचा चेहरा त्याला धुरकटच.

कर्नल मागून पोचला. त्यानं एकदा पाहिलं. टोपीखालून मानेवर सुटलेली केसांची बट पाहिली, कानाच्या पाळीतलं भोक पाहिलं, कोटाच्या वरच्या बटणांची काय अवस्था झाली होती तीही पाहिली. त्याचे उंदरासारखे डोळे बारीक झाले. मी मनात म्हटलं, संपलं. 

कर्नल एकदम मऊ आवाजात म्हणाला, "कॅप्टन थॉर्नबी, हाच का तो कडमोर?"

आता या प्रश्नात काय आहे ते बघा. दुसरा कुणी असता तर त्यानं मान हलवली असती, नाही माहीत म्हटलं असतं, मकार्डलला विचारलं असतं. पण थॉर्नबीला वाटलं, हा माझ्या डोळ्यांची परीक्षा घेतोय. अंबाडीची गोष्ट याच्या कानावर गेली असणार. मुख्यालयातली जागा या एका उत्तरावर टांगलेली आहे. त्याला झरा नको झाला, कडमोर नको झाला. त्यानं मान उंच केली.

"हाच, सर. हा चेहरा मी हजारांत ओळखीन."

"नक्की?"

"सात वर्षं बघतोय. हनुवटी बघा ना. नेहमीसारखी अर्धवट दाढी करून आलाय."

रांगेतून कुणीतरी नाकातून आवाज काढला. कर्नलनं तिकडे वळूनही पाहिलं नाही.

"तर मग हा माणूस आज परेडला हजर होता, असा तुमचा शब्द?"

"अधिकारी म्हणून माझा शब्द, सर."

"सार्जंट, ऐकलंत?" कर्नल म्हणाला. "कडमोर हजर." आणि पुढे जाता जाता सबिनाकडे न पाहता पुटपुटला, "कडमोर, घरी जाऊन आधी तो कोट सैल कर."

कर्नल काही देवमाणूस नव्हता. आम्हाला नंतर कळलं, त्या जागेवर त्याला आपला भाचा बसवायचा होता आणि थॉर्नबीला दिसत नाही याचा पुरावा हवा होता. पण आमच्या फौजेत एक गोष्ट पक्की होती. अधिकाऱ्यानं शिपायांसमोर दिलेला शब्द कुणी दुसरा अधिकारी शिपायांसमोर मोडत नाही. मोडला तर सगळ्याच अधिकाऱ्यांचं वस्त्र फिटतं. थॉर्नबीचा शब्द रांगेसमोर पडला आणि तिथेच गोठला.

थॉर्नबी मात्र त्या रात्री खुशीत होता. त्याच्या खुशीचं कारण ऐका. त्याचा हिशोब असा, की कडमोर रांगेत उभा होता म्हणजे पाय मोडल्याची बतावणी होती. खोटी बतावणी म्हणजे शिस्तभंग. म्हणजे नाव कापायला नवं कारण! सोमवारी डॉक्टर आला तसा हा त्याला घेऊन थेट कडमोरच्या दारात. मीही गेलो. शेजारधर्म म्हणून नाही, मला राहवेना.

"तपासा याला," कॅप्टन म्हणाला. "काल ठणठणीत उभा होता माझ्यासमोर."

डॉक्टर तरुण, घाईतला. त्यानं पांघरूण बाजूला केलं, फळ्या सोडल्या, नडगीवर हात ठेवला. फेलिम असा बोंबलला की खिडकीची काच वाजली.

"हाड आरपार मोडलंय," डॉक्टर म्हणाला. "आणि तीन दिवसांचं आहे. काल उभा होता म्हणता? या पायावर? अशक्य!"

"राहिलो की, डॉक्टर," फेलिम दात आवळत म्हणाला. "कॅप्टनसाहेबांनी शब्द दिलाय. माझी हनुवटीसुद्धा ओळखली त्यांनी."

कॅप्टन फेलिमच्या आवाजाकडे वळला. हा किरकिरा, पातळ आवाज. कालचा नव्हे. त्याच्या कपाळावर आठी पडली.

तोच त्याच्या पाठीमागून सबिना बोलली. "बसा ना, कॅप्टनसाहेब. चहा टाकू?"

कान त्याचे फार तिखट होते. मी आधीच सांगितलं. तो गर्रकन वळला आणि समोरच्या पांढऱ्या धब्ब्याकडे बघत राहिला. बाईचा पांढरा धब्बा. चेहऱ्यावरचा रंग असा उतरला की मी म्हटलं डॉक्टर आलाच आहे, बरं झालं.

"मग होता का हा परेडला?" डॉक्टरनं विचारलं. "मला लिहावं लागेल."

आपल्यासमोर एका बाईची हनुवटी होती, हे कॅप्टन थॉर्नबी कसं सांगणार? तीस वर्षं ताठ ठेवलेली मान पहिल्यांदा खाली आली.

"होता," तो म्हणाला.

"काय म्हणालात? साहेब, जरा मोठ्यानं. फेलिमला नीट ऐकू येत नाही," मी म्हटलं.

"होता म्हटलं ना!" तो ओरडला आणि निघाला. दाराची चौकट कपाळाला लागली. कुणी सावरलं नाही. डोनेलीची बायको रस्त्यात उभी होती. तिनं तर बाजूलाही व्हायचे कष्ट घेतले नाहीत. तोच तिला वळसा घालून गेला.

मुख्यालयातल्या जागेवर भाचा बसला. थॉर्नबीला अर्ध्या पगारावर इंग्लंडला धाडलं. तो गेला त्या दिवशी धक्क्यावर निरोप द्यायला आमच्या गावातून एकही माणूस गेला नाही. मी तरी टेकडीवर जाऊन जहाज निघालं का ते पाहून आलो. त्या माणसाचं पुढे वाईट झालं असेल तर मला वाईट वाटणार नाही. घराबाहेर काढलेला डोनेली त्याच हिवाळ्यात वारला होता.

फेलिमचा पाय जरा वाकडा बसला, पण सात वर्षं भरली तेव्हा तो कुबडी घेऊन रांगेत स्वतः उभा होता. घराचा कागद हातात आला त्या दुपारी मी त्यांच्याकडे गेलो. सबिना भिंतींच्या फटी बुजवायला पिठाची खळ शिजवत होती, कारण समुद्राचा वारा फळ्यांतून आत शिरायचा. रद्दीत ऑकलंडचं वर्तमानपत्र होतं. त्यात निम्मा रकाना भरून थॉर्नबीचा गौरव छापला होता. कॅनडा, कॉर्फू, पुणे, सगळं.

"काय लिहिलंय हो, भावजी?" तिला वाचता येत नव्हतं.

"त्याची शौर्यगाथा."

"मोठी आहे का?"

"चांगली हातभर आहे."

"मग ती बिछान्यापाशी लावू," ती म्हणाली. "तिथली फट मोठी आहे." तिनं कागद उलटा करून त्यावर खळ फासली, भिंतीवर तळहातानं दाबून बसवला, आणि कोपरे सुटू नयेत म्हणून बराच वेळ हात काढलाच नाही.